कृष्णाकाठ आणि वरिष्ठ सभागृह : विधान परिषदेच्या दिवसाचा मागोवा (१९६०–२०२४)

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले तेव्हा त्याचे विधिमंडळ द्विसदनी ठेवण्यात आले, म्हणजे मतदारांनी थेट निवडून दिलेली विधानसभा आणि तिच्या जोडीला अप्रत्यक्ष निवडणुकीतून व नियुक्तीतून बनणारी विधान परिषद अशी दोन सभागृहे राहिली. त्याच वर्षी ११ जुलै रोजी परिषदेच्या सभापतिपदी विठ्ठल सखाराम तथा वि. स. पागे यांची निवड झाली आणि त्यांच्यापासून कृष्णाकाठच्या सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचे या सभागृहाशी असलेले नाते विशेष दृढ झाले. तासगाव तालुक्यातील विसापूरचे पागे १९७८ पर्यंत, शिराळा तालुक्यातील कोकरूडचे शिवाजीराव देशमुख २००४ ते २०१५ आणि फलटणचे रामराजे नाईक निंबाळकर २०१५ ते २०२२ असे तीन सभापती या पट्ट्याने दिले. राज्याच्या पहिल्या बासष्ट वर्षांपैकी पस्तीसहून अधिक वर्षे परिषदेचे आसन याच मुलखातील व्यक्तीकडे होते. मुख्यमंत्र्यांच्या आणि मंत्र्यांच्या याद्या पाठ असणाऱ्या राजकीय लेखनात या गोष्टीची फारशी नोंद होत नाही. वरिष्ठ सभागृहाचे काम मथळ्यांत दिसत नाही, ते दिवसाच्या कामकाजात दिसते, हे त्याचे एक कारण असावे. म्हणून या कालखंडाचा मागोवा घेताना आधी तो दिवस कसा बांधलेला असतो हे पाहणे आवश्यक ठरते.

परिषदेची सदस्यसंख्या ७८ आहे. राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदानुसार त्यांपैकी ३० सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात, २२ सदस्य जिल्हा परिषदा, नगरपालिका, महानगरपालिका अशा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघांतून येतात, पदवीधर आणि शिक्षक यांचे प्रत्येकी सात मतदारसंघ आहेत आणि साहित्य, विज्ञान, कला, सहकार व समाजसेवा या क्षेत्रांतील १२ व्यक्ती राज्यपाल नियुक्त करतात. हे सभागृह विसर्जित होत नाही; सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. विधानसभा बरखास्त झाली, सरकार पडले, राष्ट्रपती राजवट आली, तरी परिषदेचे अस्तित्व अबाधित राहते. या सातत्याचे मोल पुढे पागे यांच्या प्रकरणात स्पष्ट होईल.

अधिकारांच्या बाबतीत मात्र परिषद दुय्यम आहे. सामान्य विधेयक विधानसभेने मंजूर करून पाठवल्यावर परिषद ते फार तर तीन महिने रोखू शकते. विधानसभेने ते पुन्हा मंजूर केले तर आणखी एक महिन्याचा अवधी मिळतो आणि त्यानंतर परिषदेच्या संमतीशिवाय ते विधेयक मंजूर समजले जाते. संसदेत दोन्ही सभागृहांत मतभेद झाल्यास संयुक्त बैठकीची तरतूद आहे, राज्यांच्या विधिमंडळांना ती नाही. धनविधेयक, म्हणजे कर व सरकारी खर्चाशी संबंधित विधेयक, परिषदेने चौदा दिवसांत परत केलेच पाहिजे. अर्थसंकल्पावर येथे चर्चा होते, परंतु अनुदानाच्या मागण्यांवर मतदान होत नाही. ज्या सभागृहाला अखेरचा शब्द नाही त्याने दिवसभर काय करावे, या प्रश्नाचे उत्तर तेथील कार्यक्रमपत्रिकेत मिळते. ज्या सभागृहाला सरकार पाडता येत नाही त्याला सरकारला विचारता मात्र येते, आणि परिषदेचा दिवस प्रामुख्याने विचारण्याभोवती रचलेला आहे.

बैठकीचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. ज्या प्रश्नांवर तारकेची खूण असते ते तारांकित, त्यांची उत्तरे मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यांवर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नांची उत्तरे केवळ लेखी मिळतात. छापील प्रश्नाचा घाट गेल्या अनेक दशकांत फारसा बदललेला नाही. पहिल्या उपविभागात एखादी घटना सांगून ती खरी आहे काय असे विचारले जाते, दुसऱ्यात असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, तिसऱ्यात चौकशीत काय आढळले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, आणि शेवटी, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत, असा प्रश्न येतो. समोरच्या रकान्यात ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ यांपैकी एखादे उत्तर असते. हे साचे कोरडे वाटतात, पण त्यांच्यामागे मंत्रालयातील कक्ष अधिकाऱ्यापासून जिल्ह्याच्या कार्यकारी अभियंत्यापर्यंत माहिती मागवण्याची एक पूर्ण साखळी हललेली असते. जत किंवा आटपाडी तालुक्यातील एखाद्या पोटकालव्याचे काम का रखडले, हे गावकऱ्याने वर्षभर कार्यालयात खेटे घालूनही कळत नाही. तारांकित प्रश्न स्वीकारला गेला की तेच उत्तर सहीशिक्क्यानिशी मुंबईत पोहोचते. ‘अंशतः खरे आहे’ या तीन शब्दांत अनेकदा सगळे खरे दडलेले असते आणि ते उपप्रश्नाने बाहेर काढणे हे सदस्याचे कसब असते.

प्रश्नोत्तरांनंतर कागदपत्रे सभागृहासमोर ठेवली जातात आणि समित्यांचे अहवाल सादर होतात. मग नियम २८९ खालील सूचना येतात. दिवसाचे ठरलेले कामकाज बाजूला ठेवून एखाद्या तातडीच्या विषयावर चर्चा घ्यावी, अशी मागणी या नियमाने करता येते. सभापती बहुतेक वेळा ती नाकारतात, पण नाकारण्यापूर्वी सदस्याला विषय थोडक्यात मांडू देतात, आणि सदस्याचा निम्मा हेतू तेथेच साधतो, कारण त्याचे म्हणणे कार्यवृत्तात नोंदले जाते. औचित्याचा मुद्दा म्हणजे यादीत नसलेला, पण त्या दिवशी मांडणे उचित ठरणारा विषय. हरकतीचा मुद्दा म्हणजे कामकाज नियमांना धरून चाललेले नाही असा आक्षेप, ज्यावर सभापतींना निर्णय द्यावाच लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच भासतात. सभागृहात मात्र या फरकावरून बरीच खडाजंगी होते.

दिवसाचा गाभा लक्षवेधी सूचनेत असतो. नियम १०१ अन्वये सदस्य एखाद्या निकडीच्या सार्वजनिक प्रश्नाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधतो, मंत्र्यांचे निवेदन आधी छापून वाटले जाते आणि त्यावर प्रश्नोत्तरे होतात. पूर्वी दिवसाला मोजक्याच लक्षवेधी घेतल्या जात आणि प्रत्येकीला पुरेसा वेळ मिळे. अलीकडे यादी लांबत गेली असून त्यामुळे खोली कमी झाली आहे, ही अभ्यासकांची तक्रार रास्त आहे. त्यानंतर शासकीय विधेयके, नियम ९७ खालील अल्पकालीन चर्चा, नियम २६० खालील प्रस्ताव आणि दिवस सरता सरता अर्धा तास चर्चा असा क्रम असतो. अर्धा तास चर्चा म्हणजे ज्या प्रश्नाच्या उत्तराने समाधान झाले नाही त्यावर मागाहून सविस्तर बोलण्याची संधी. शुक्रवारी काही वेळ अशासकीय कामकाजासाठी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांची विधेयके व ठराव यांसाठी, राखून ठेवण्याची प्रथा आहे. गणसंख्येची अट अल्प आहे. दहा सदस्य किंवा एकूण संख्येचा दहावा भाग यांपैकी जे अधिक असेल ते, म्हणजे व्यवहारात दहा सदस्य, उपस्थित असले की सभागृह चालते. रात्री उशिरापर्यंत मोजक्या सदस्यांसमोर चालणाऱ्या अर्धा तास चर्चेचे वर्णन रिकाम्या बाकांच्या छायाचित्राने करणे सोपे आहे, परंतु दुष्काळी तालुक्यांचे कित्येक प्रश्न शासनाच्या तोंडून प्रथम याच वेळी कबूल झाले आहेत.

हा सगळा दिवस सभापतींच्या हाती असतो. कोणता प्रश्न स्वीकारायचा, कोणती लक्षवेधी घ्यायची, कोणाला दोन मिनिटे अधिक द्यायची आणि गदारोळ वाढला की सभागृह दहा मिनिटांसाठी तहकूब करायचे की रेटून चालवायचे, हे त्यांनी ठरवायचे असते. सभापती स्वतः चर्चेत भाग घेत नाहीत आणि एरवी मतही देत नाहीत. दोन्ही बाजूंची मते समसमान झाली तरच त्यांचे निर्णायक मत पडते. बोलता न येणाऱ्या या पदावर सतरा वर्षे नऊ महिने राहून पागे यांनी देशातील एका मोठ्या कायद्याची पायाभरणी केली, ही महाराष्ट्राच्या संसदीय इतिहासातील अनोखी घटना आहे.

पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० चा. स्वातंत्र्य चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला, व्यवसायाने ते वकील होते आणि संतसाहित्याचे अभ्यासक म्हणूनही त्यांची ओळख होती. त्यांचा तासगाव तालुका आज द्राक्षबागांसाठी ओळखला जातो, पण त्या काळी तो अवर्षणप्रवण होता. पावसाळा संपला की शेतमजुराच्या हाताला काम नसे आणि दुष्काळ जाहीर झाल्याशिवाय सरकारी कामे सुरू होत नसत. दुष्काळ ही आपत्ती मानून मदत वाटण्याऐवजी काम मिळणे हा माणसाचा हक्क मानावा, ही पागे यांची मांडणी होती. १९६५ च्या सुमारास विसापूर आणि तासगाव परिसरात या विचाराचा प्रयोग सुरू झाला. ज्याला काम हवे त्याला ते द्यावे आणि त्या श्रमांतून बंधारे, विहिरी, जमीन सुधारणा अशी टिकाऊ मालमत्ता उभी राहावी, असे त्याचे स्वरूप होते.

सभापतीला विधेयक मांडता येत नाही, लक्षवेधी देता येत नाही, सरकारवर टीका करता येत नाही. पागे यांच्याकडे साधन होते ते पदाच्या प्रतिष्ठेचे आणि वेळेचे. त्यांच्या कारकिर्दीत यशवंतराव चव्हाणांपासून मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील यांच्यापर्यंत मुख्यमंत्री बदलत गेले, परंतु परिषदेच्या आसनावर तीच व्यक्ती राहिली आणि प्रयोग सुरू झाल्यावर प्रत्येक मुख्यमंत्र्यापुढे, प्रत्येक नव्या सचिवापुढे तीच योजना पुन्हा मांडत राहिली. विधानसभेच्या आमदाराला पाच वर्षांनी मतदारांना हिशोब द्यावा लागतो, त्यामुळे त्याला रस्ता, पाणी, शाळा अशी दिसणारी कामे हवी असतात. एका तालुक्याच्या प्रयोगाचा राज्याचा कायदा होईपर्यंत बारा-तेरा वर्षे थांबणे त्याला परवडत नाही. वरिष्ठ सभागृहाच्या रचनेने ही सवड दिली, आणि परिषदेच्या बाजूने करता येणाऱ्या युक्तिवादांत हा सर्वांत भक्कम ठरतो.

१९७२ च्या मे महिन्यात राज्य शासनाने पंधरा कलमी कार्यक्रमाचा भाग म्हणून रोजगार हमी योजना जाहीर केली. लगेच आलेल्या भीषण दुष्काळात तिची जागा दुष्काळी कामांनी घेतली. खडी फोडणाऱ्या लाखो हातांचे ते वर्ष महाराष्ट्राच्या स्मृतीत आजही ताजे आहे आणि माण, खटाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ या तालुक्यांत तर त्याच्या खुणा तलावांच्या रूपाने उभ्या आहेत. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा सुरू झाली. तिच्यासाठी पैसा उभा करण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला, म्हणजे शहरातील नोकरदाराच्या पगारातून कापलेली छोटी रक्कम खेड्यातील मजुराच्या मजुरीत जाऊ लागली. त्याच्या जोडीला मोटारवाहने, बागायती जमीन, विक्रीकर इत्यादींवरील अधिभार होता आणि जमा होणाऱ्या रकमेइतकीच भर शासनाने घालायची होती. शहराने खेड्याचा भार उचलावा ही कल्पना इतक्या उघडपणे कायद्यात आणणारे दुसरे उदाहरण त्या काळात शोधून सापडत नाही. १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास पंधरा दिवसांत ते द्यायचे आणि न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा, अशी हमी त्यात होती. हा भत्ता प्रारंभी दिवसाला किमान एक रुपया इतका अल्प होता, पण हक्काचे तत्त्व त्यात स्पष्टपणे मान्य केलेले होते. कायदा अमलात आला तेव्हा पागे सभापतिपदावरून निवृत्त झालेले होते. पुढे २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला त्यामागेही महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

पागे आसनावर असताना समोरच्या बाकांवर याच मुलखातील आणखी काही माणसे होती. वाळवा तालुक्यातील ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील शेतकरी कामगार पक्षातर्फे १९६० ते १९६६ आणि पुन्हा १९७० ते १९८२ असे अठरा वर्षे परिषदेत होते. आकडेवारीची तयारी आणि मुद्द्याला धरून बोलण्याची शिस्त यांमुळे विरोधी बाकावरील सदस्य काय करू शकतो याचा त्यांनी मापदंड घालून दिला, आणि १९७८ मध्ये पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात सहकारमंत्री झाल्यावर तेच उत्तर देण्याच्या बाजूला बसले. आटपाडी तालुक्यातील माडगूळचे कवी व गीतकार ग. दि. माडगूळकर १९६२ ते १९७४ या काळात परिषदेचे राज्यपाल नियुक्त सदस्य होते. एका बाजूला रोजगार हक्काचा ध्यास घेतलेले सभापती, दुसऱ्या बाजूला शेतकरी कामगार पक्षाचा कणखर वक्ता आणि त्यांच्यासोबत महाराष्ट्राचा लाडका गीतकार, असे सगळे सांगली जिल्ह्यातून आलेले लोक एकाच सभागृहात बसत, हे त्या परिषदेचे वैभव होते. राज्यपाल नियुक्त जागांचा मूळ हेतू माडगूळकरांसारख्यांच्या उपस्थितीने सार्थ झाला. पुढील दशकांत या जागा राजकीय सोयीसाठी अधिकाधिक वापरल्या गेल्या आणि त्यात परिषदेचे नुकसान झाले. फलटण परिसराशी नाते असलेले, ‘उपरा’ या आत्मकथनाचे लेखक लक्ष्मण माने १९९० च्या दशकात परिषदेवर होते, ही त्या काळातील समाधानाची गोष्ट.

पागे यांच्यानंतर रा. सू. गवई, जयंतराव टिळक आणि ना. स. फरांदे हे सभापती झाले. या काळात विधिमंडळाने जुना कौन्सिल हॉल सोडून १९८१ मध्ये नरिमन पॉइंट येथील नव्या विधान भवनात प्रवेश केला, दूरचित्रवाणीचा काळ आला आणि सभागृहाच्या हौद्यात, म्हणजे सभापतींच्या आसनासमोरील मोकळ्या जागेत, उतरण्याची सवय वाढली. कामकाजाचे नियम जवळजवळ तेच राहिले. बदलला तो वेग.

२००४ मध्ये शिवाजीराव देशमुख सभापती झाले. शिराळ्याचे ते जुने आमदार आणि राज्याचे माजी मंत्री होते. त्यांच्या दशकभराच्या कारकिर्दीत काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांची आघाडी सत्तेवर होती आणि २०११ ते २०१४ या काळात तर मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हे स्वतः परिषदेचे सदस्य होते. विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या व्यक्तीला मंत्री होता येते, पण सहा महिन्यांत कोणत्या तरी सभागृहात निवडून यावे लागते. केंद्रातून राज्यात आलेल्या कराडच्या चव्हाणांनी त्यासाठी परिषदेचा मार्ग घेतला. शिराळ्याचा सभापती आणि कराडचा मुख्यमंत्री एकाच सभागृहात, ही जोडी कृष्णाकाठच्या राजकारणाच्या दृष्टीने लक्षणीय होती.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी आघाडी तुटली, राज्यात भारतीय जनता पक्षाचे सरकार आले आणि परिषदेत राष्ट्रवादीचे संख्याबळ काँग्रेसपेक्षा अधिक आहे, म्हणून सभापतिपद आपल्याकडे असावे, असा दावा पुढे आला. त्यातून १६ मार्च २०१५ हा सभापतींवरील अविश्वास ठरावाचा दिवस उजाडला. सभापतीला हटवण्याची प्रक्रिया घटनेने काटेकोर ठेवली आहे. ठरावाची किमान चौदा दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, तो उपस्थितांच्या नव्हे तर सभागृहाच्या तेव्हाच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने संमत व्हावा लागतो आणि ठराव विचाराधीन असताना सभापतींना आसनावर बसता येत नाही, मात्र सभागृहात उपस्थित राहून आपली बाजू मांडता येते. म्हणजे ज्या व्यक्तीने दहाहून अधिक वर्षे इतरांना बोलण्याची परवानगी दिली, तिने त्या दिवशी सदस्यांच्या बाकावरून परवानगी मागायची, अशी ती रचना. मतदान झाले तेव्हा ठरावाच्या बाजूने ४५ आणि विरोधात २२ मते पडली. भाजपने राष्ट्रवादीला साथ दिली आणि शिवसेना तटस्थ राहिली. महाराष्ट्र विधान परिषदेच्या इतिहासात सभापती अविश्वासाने दूर होण्याची ही पहिली वेळ होती. ठराव घटनेच्या चौकटीतच झाला, त्याबद्दल वाद नाही. पण त्यामागे पक्षपाताचा ठोस आरोप नव्हता, संख्येचा हिशोब होता, आणि सभापतिपद पक्षांच्या वाटणीतील एक पद होऊन बसले की त्या आसनावरील व्यक्तीच्या निर्णयाला असलेले वजन कमी होते. पागे यांना हे वजन सतरा वर्षांत मिळाले होते. चारच दिवसांनी, २० मार्चला, रामराजे नाईक निंबाळकर यांची निवड झाली. सांगली जिल्ह्याकडून गेलेले पद सातारा जिल्ह्याकडे आले. देशमुख यांचे १४ जानेवारी २०१९ रोजी निधन झाले.

रामराजे यांचे परिषदेत येणे हेही मतदारसंघांच्या रचनेचे फलित होते. १९९५ पासून ते फलटणचे आमदार होते आणि कृष्णा खोऱ्याच्या पाण्याचा प्रश्न त्यांच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी होता. कृष्णा पाणीतंट्यावरील बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मुदतीत अडवण्यासाठी १९९६ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णा खोरे विकास महामंडळाच्या कामाशी त्यांचा थेट संबंध होता आणि पुढे ते जलसंपदा खात्याचे मंत्री झाले. २००९ च्या निवडणुकीपासून फलटण मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि त्यानंतर ते परिषदेवर आले. पाण्याचा अभ्यास असलेला सभापती आसनावर असणे आणि त्याच वेळी टेंभू, म्हैसाळ, ताकारी, उरमोडी, जिहे-कठापूर या उपसा सिंचन योजनांचे प्रश्न सभागृहात येणे, हा योग त्या सात वर्षांत जुळून आला. सभापती बोलू शकत नसले, तरी कोणता प्रश्न यादीत येतो यावर अनुभवाची छाप पडतेच. १८ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, त्यांनी उद्धव ठाकरे यांच्यासह बिनविरोध निवडून आलेल्या सदस्यांना शपथ दिली, त्यांत साताऱ्याचे शशिकांत शिंदे आणि आटपाडी तालुक्यातील गोपीचंद पडळकर हेही होते. ७ जुलै २०२२ रोजी सदस्यत्वाची मुदत संपल्याने, नव्याने निवडून आलेले असूनही, रामराजे यांचे सभापतिपद संपुष्टात आले. त्यानंतर १९ डिसेंबर २०२४ रोजी प्रा. राम शिंदे यांची निवड होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे, उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी सभागृह चालवले. उपसभापतींच्या कामाबद्दल येथे काही म्हणायचे नाही. परंतु पद रिकामे झाल्यास सभागृहाने शक्य तितक्या लवकर सभापती निवडावा असे घटना सांगते आणि अडीच वर्षे हा काळ कोणत्याही अर्थाने लवकर म्हणता येत नाही.

आसनाबरोबर बाकांचाही विचार करावा लागतो. या दोन जिल्ह्यांचा परिषदेतील सर्वांत थेट दुवा म्हणजे सांगली-सातारा स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघ. १९४९ मध्ये संस्थाने विलीन झाल्यावर जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व सांगली, मिरज, जत आदी संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. प्रशासकीयदृष्ट्या दुभंगलेला तो जुना प्रदेश या मतदारसंघात पुन्हा एकत्र येतो. मतदार असतात जिल्हा परिषदांचे सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती, नगरसेवक, एकूण पाच-सहाशे. मतदान पसंतीक्रमाने होते, म्हणजे मतदार उमेदवारांच्या नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे लिहितो आणि पहिल्या पसंतीचा कोटा पूर्ण न झाल्यास पुढच्या पसंतीची मते मोजली जातात. नोव्हेंबर २०१६ मध्ये येथे काँग्रेसचे मोहनराव कदम यांनी राष्ट्रवादीचे शेखर गोरे यांचा ३०९ विरुद्ध २४६ मतांनी पराभव केला. त्या वेळी कागदावर राष्ट्रवादीचे मतदार अधिक होते. पक्षापेक्षा जिल्ह्यांतील अंतर्गत गणिते प्रभावी ठरली. अशा निवडणुकीत पैशाचा आणि गटबाजीचा वाटा किती असतो याची चर्चा नेहमी होते आणि ती निराधार नाही. तरीही गावच्या नळयोजनेचा आणि नगरपालिकेच्या घनकचऱ्याचा प्रश्न राज्याच्या सभागृहात नेणारा, दोन्ही जिल्ह्यांना बांधील असलेला एकमेव सदस्य हाच असतो.

पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ पुणे विभागाचे, म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांचे आहेत. पदवीधरांच्या जागेवर मिरजेचे प्रा. शरद पाटील २००२ मध्ये निवडून आले होते. २०१४ मध्ये कराडचे सारंग पाटील थोडक्यात हरले. डिसेंबर २०२० मध्ये कुंडलचे अरुण लाड विजयी झाले आणि त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी संग्रामसिंह देशमुख हेही सांगली जिल्ह्यातीलच होते. या मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते, जुनी नोंद चालत नाही. त्यामुळे नोंदणीचे अर्ज गोळा करणारी यंत्रणा ज्याच्याकडे, त्याचे पारडे जड. रयत शिक्षण संस्थेसारख्या साताऱ्यात मुख्यालय असलेल्या संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांचे जाळे लक्षात घेतले, तर शिक्षकांच्या जागेसाठी या जिल्ह्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. शिक्षकांचे मत येथे माध्यमिक आणि त्यावरील संस्थांत शिकवणाऱ्यांपुरते मर्यादित आहे; प्राथमिक शिक्षकाला ते नाही, आणि खेड्यातील शाळेचा बहुतांश भार वाहणाऱ्या या वर्गाला वगळणे आजच्या काळात समर्थनीय वाटत नाही.

मोहनराव कदम यांची मुदत डिसेंबर २०२२ मध्ये संपली. त्यापूर्वीच, मार्च २०२२ मध्ये, दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपून तेथे प्रशासक आले होते आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या न्यायालयीन वादात राज्यभरातील स्थानिक निवडणुका अडकल्या होत्या. स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात निवडणूक घ्यायची तर त्यातील किमान ७५ टक्के संस्था कार्यरत आणि किमान ७५ टक्के मतदार अस्तित्वात असावे लागतात, असा निवडणूक आयोगाचा निकष आहे. जिल्हा परिषदेत सदस्यच नाहीत तर मतदार कोठून येणार, त्यामुळे ही जागा भरली गेली नाही, आणि राज्यातील अशा बावीस जागांपैकी एकेक मुदत संपेल तशी रिकामी होत गेली. या काळात नियुक्त, आमदारांतून निवडलेले आणि पदवीधरांचे असे या जिल्ह्यांतील सदस्य परिषदेत होते. सदाभाऊ खोत २०२४ मध्ये पुन्हा आले, मिरजेचे इद्रिस नायकवडी ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यपाल नियुक्त झाले. परंतु पंचायत समितीच्या सभापतीने आणि नगरसेवकाने आपल्या मताने पाठवलेला, दोन जिल्ह्यांच्या स्थानिक संस्थांच्या वतीने ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ असे विचारणारा सदस्य २०२३ आणि २०२४ च्या एकाही अधिवेशनात सभागृहात नव्हता.